सायकलच्या गियरची वायर कुठे गेली?

इयरफोन लावलेत ना? चला, आज सायकलच्या गियरचा इतिहास ऐकू.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. पाच दिवस, ४३७ किलोमीटर. इकडे पिंपळगाव रेणुकाईत मी तिचे व्हिडिओ मोबाइलवर बघितले. अशा मोठ्या शर्यतींतल्या सायकली नीट बघा, बऱ्याच जणींना गियरची वायरच नसते! हँडलवरचं बटण दाबलं की रेडिओ सिग्नल जातो आणि मागची छोटी मोटर चेन दुसऱ्या चकतीवर सरकवते. झालं, गियर पडला.

आता थोडं मागे जाऊ. टूर दि फ्रान्स १९०३ साली सुरू झाली, पण चेन सरकवणारे गियर तिथे चालत नव्हते. आयोजक आंरी देग्रांज यांच्या मते गियर म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचं काम! मग घाट आला की खेळाडू खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे आणि उलटं करून बसवायचे. कारण चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या चकत्या असायच्या. हे गियर चालू लागले १९३७ मध्ये. त्यानंतर कितीतरी वर्षं राज्य केलं ते साध्या स्टीलच्या वायरीने.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या माविक कंपनीने ‘झॅप’ आणलं. त्यात वीज फक्त इशारा द्यायची. चेन सरकवायची ताकद पायडल मारण्यातूनच यायची. १९९९ मध्ये त्यांचंच ‘मेकट्रॉनिक’ आलं, बिनवायरचं. कल्पना भारी, पण भरवसा नाही. बटण दाबावं अन् गियर पडूच नये! थोड्याच वर्षांत ते बाजारातून गेलं.

जपानच्या शिमानोने २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक गियर यशस्वी केला, पण वायर ठेवून. ती आता गियर ओढत नव्हती, वीज नेत होती. वायर खरी काढली अमेरिकेच्या स्रॅमने, २०१५ मध्ये ‘ई-टॅप’ आणून. उजवं बटण दाबलं की गियर जड, डावं दाबलं की हलका, दोन्ही एकदम दाबली की पुढची चकती बदलते. २०२१ मध्ये शिमानोनेही हँडलपासूनची वायर काढली.

मग प्रश्न मिटला का? नाही ना! २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शिमानोच्या बटणाचा सिग्नल पकडला, साठवला आणि पुन्हा सोडला. सायकलला हात न लावता, दहा मीटरवरून गियर बदलला! शर्यतीत शेवटच्या चढावर कुणी असं केलं तर? कंपनीने मग त्या संशोधकांसोबत काम करून सॉफ्टवेअर अपडेट काढलं.

म्हणजे बघा, १९९९ चा गियर मालकाचंच ऐकत नव्हता आणि २०२४ चा परक्याचंही ऐकायला तयार होता. जुन्या वायरीत एक गुण होता: ज्याचं बोट, त्याचाच गियर. आणि तुटली तर पाना-पक्कड घेऊन गावातही बदलता येते. बिनवायरवाल्याला चार्जर हवा, अपडेट हवा, पाठीशी उभी राहणारी कंपनी हवी.

म्हणून नवं नकोच, असं मी म्हणत नाही. तसं तर देग्रांजही म्हणायचे! फक्त घेताना दोन प्रश्न विचारा. हे कुणाकुणाचं ऐकतं? आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? शेतातली मोटर मोबाइलवरून चालू करणारा स्टार्टर घ्याल ना, तेव्हाही हेच दोन प्रश्न. भेटू पुढच्या भागात!