मशीहाचे कूळ

नव्या कराराचे पहिले पान बहुतेक वाचक उलटून पुढे जातात. कथेची अपेक्षा असते आणि हाती येते ती नावांची यादी: अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र हे पान टाळू नये, असे आम्हांस वाटते. मत्तयाच्या पहिल्या वाचकांना ही यादी रूक्ष वाटली नसणार. ज्याला मशीहा म्हणायचे तो दावीदाच्या कुळातला आहे काय, हा त्यांच्या दृष्टीने पहिला प्रश्न होता आणि उरलेले शुभवर्तमान त्यानंतरचे.

या प्रश्नाचे मूळ शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहे. राजा दावीद देवासाठी घर बांधू इच्छितो. नाथान संदेष्टा त्याला कळवतो की उलट देवच दावीदाचे घर उभारील आणि त्याचे सिंहासन अढळ राहील. हिब्रूतील 'बायित' या शब्दाला घर, मंदिर आणि घराणे हे तिन्ही अर्थ आहेत, आणि सारा प्रसंग या श्लेषावर तोललेला आहे. १९९३ साली उत्तर इस्राएलात तेल दान येथे इ.स.पू. नवव्या शतकातील एका अरामी शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यावर 'दावीदाचे घराणे' अशी अक्षरे आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले आणि सिंहासन गेले. वचन अढळ आणि गादी रिकामी, हा पेच भविष्यकाळातच सुटू शकत होता. तोडलेल्या इशायच्या बुंध्याला फुटणारा धुमारा ही यशयाच्या ग्रंथातील प्रतिमा आता नव्या आशेने वाचली जाऊ लागली. मशीहा म्हणजे अभिषिक्त. पूर्वी कोणत्याही राजाला लावता येणारा हा शब्द हळूहळू येणाऱ्या एका राजापुरता उरला.

वंशाची ही वाट सरळ मात्र नव्हती. निर्वासनात नेलेला तरुण राजा यहोयाखीन (मत्तय त्याला यखन्या म्हणतो) याच्याविषयी यिर्मया संदेष्ट्याने कठोर शाप उच्चारला होता: याची नोंद निपुत्रिक म्हणून करा, याच्या वंशातला कोणी दावीदाच्या गादीवर बसणार नाही. गंमत अशी की बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या इ.स.पू. ५९२च्या सुमाराच्या मातीच्या पाट्यांवर यहूदाच्या या बंदिवान राजाला आणि त्याच्या पाच पुत्रांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. ज्याला संदेष्ट्याने निपुत्रिक ठरवले त्याची मुले कारकुनाच्या हिशेबात शिल्लक राहिली! पुढे त्याचाच नातू जरुब्बाबेल यरुशलेमास परतला. यिर्मयाने यहोयाखीनला बोटातून उपटून फेकलेली मुद्रेची अंगठी म्हटले होते. हाग्गय संदेष्ट्याने तीच उपमा नातवासाठी सन्मानाने वापरली. तालमूदमधील रब्बींनी निर्वासनाने पापाचे प्रायश्चित्त होते असे सांगून शाप निवळला. बाबेलमधील यहुदी समाजाचे प्रमुख, 'रेश गालुता', तर शतकानुशतके याच यहोयाखीनशी आपले नाते जोडत राहिले.

मत्तयाच्या यादीतही यखन्या आहेच. मत्तय चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट पाडतो. हिब्रूत दावीदाच्या नावातील अक्षरांच्या अंकांची बेरीज चौदा होते, म्हणून ही रचना असावी. आकडा जुळवण्यासाठी तो तीन राजे वगळतो, तरी शेवटच्या गटात नीट मोजल्यास तेराच भरतात. आम्हांस त्याहून बोलक्या वाटतात त्या या यादीतील स्त्रिया. सारा नाही, रिबका नाही. आहेत त्या सासऱ्यापासून पुत्र मिळवणारी तामार, यरीहोची वेश्या राहाब, मवाबी रूथ आणि नावाऐवजी 'उरीयाची पत्नी' एवढीच ओळख दिलेली बथशेबा. मवाबी माणसाला तर अनुवादाच्या पुस्तकाने परमेश्वराच्या मंडळीत मज्जाव केला होता. रब्बींनी तो केवळ पुरुषांना लागू होतो असा निर्वाळा दिला, तेव्हा कोठे रूथचा पणतू दावीद निर्दोष ठरला. शुद्ध कुळाचा पुरावा म्हणून मांडलेल्या यादीत लेखक जाणूनबुजून ही नावे पेरतो. त्याचा रोख अखेरच्या नावाकडे, मरियेकडे, असावा.

लूक उलट दिशेने थेट आदामापर्यंत चढतो, आणि शलमोनाऐवजी दावीदाच्या दुसऱ्या पुत्राची, नाथानाची, शाखा धरतो. मत्तयाच्या मते योसेफाचा पिता याकोब, लूकच्या मते एली. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस याने तोड काढली: निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी दुसऱ्याने विवाह केला, म्हणून एक पिता रक्ताचा आणि एक कायद्याचा. नियोगाच्या कथांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हे उत्तर अपरिचित वाटणार नाही. पण खरी अडचण पुढेच आहे. येशू कुमारिकेच्या पोटी जन्मला, तर योसेफाच्या पूर्वजांचा उपयोग काय? ख्रिस्ती परंपरेने दत्तकत्वाचा, कायदेशीर पितृत्वाचा आधार घेतला. यहुदी टीकाकारांनी कूळ बापाकडूनच चालते यावर बोट ठेवले. दोन्ही पक्ष आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत.

यहुदी परंपरेतही वंशाचा पुरावा नेहमी मागितला गेला असे नाही. १३२ ते १३५ या काळात रोमविरुद्ध लढलेल्या बार कोखबाला रब्बी अकिवाने मशीहा मानले ते त्याच्या पराक्रमावरून. बाराव्या शतकात मोशे बेन मैमोनने लिहिले की मशीहा दावीदाच्या घराण्यातला राजा असेल. पण त्याची खात्री पटायची ती त्याच्या कार्यातून. पुढे तो म्हणतो की पवित्र आत्म्याच्या साहाय्याने मशीहाच इस्राएलच्या लोकांची कुळे निश्चित करील. येथे वंशावळ मशीहाला सिद्ध करत नाही, मशीहा वंशावळींना सिद्ध करतो.

राज्यकर्त्यांना मात्र या नाजूक भेदांशी कर्तव्य नव्हते. दुसऱ्या शतकातील हेगेसिप्पसची एक हकिकत युसेबियसने जपून ठेवली आहे. येशूचा भाऊ यहूदा याचे नातू दावीदाच्या वंशातले आहेत अशी चहाडी झाली आणि त्यांना सम्राट डोमिशियनपुढे उभे केले गेले. तुमची मालमत्ता किती, असे त्याने विचारले. दोघांची मिळून एकोणचाळीस प्लेथ्रा शेतजमीन, तीही कर भरून स्वतः कसलेली. त्यांनी आपले घट्टे पडलेले हात दाखवले. सम्राटाने त्यांना क्षुद्र समजून सोडून दिले.