क्वर्टीची दंतकथा

परवा जेवताना टीममधल्या एका नव्या पोराने ती गोष्ट पुन्हा ऐकवली. "अरे, हा कीबोर्ड मुद्दाम असा बनवलाय, माणसाने हळू टाइप करावं म्हणून!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कॉलेजात असताना मीही ही गोष्ट निदान दहा जणांना सांगितलीये, त्यामुळे त्याला काय बोलणार? पण घरी येऊन जरा खणायला बसलो आणि अख्खा शनिवार गेला.

आधी एक काम करा. तुमच्या कीबोर्डची मधली ओळ बघा. डी, मग एफ, जी, एच, जे, के, एल. ओळखीचं वाटतंय? ही चक्क एबीसीडी आहे, फक्त मधले ई आणि आय कोणीतरी उचलून वर नेलेत. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या क्रिस्टोफर शोल्सने १८६८ मध्ये दोन साथीदारांबरोबर टाइपरायटरचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या यंत्राला पियानोसारख्या पट्ट्या होत्या आणि अक्षरं वर्णक्रमाने लावली होती. पुढची पाच वर्षं तो ती इकडून तिकडे हलवत राहिला. १८७३ मध्ये यंत्र रेमिंग्टन कंपनीकडे गेलं (हो, तीच बंदुका बनवणारी) आणि १८७४ मध्ये बाजारात आलं. किंमत १२५ डॉलर, आणि छापायचं फक्त कॅपिटल अक्षरांत! वर कागदावर काय उमटलंय ते चार ओळी पुढे गेल्याशिवाय दिसायचंच नाही, कारण दांडे खालून वर आपटायचे. शिफ्टची कळ १८७८ च्या मॉडेलमध्ये आली.

आता ती 'हळू टाइप करा'वाली गोष्ट. त्यात म्हणतात की जवळजवळचे दांडे एकमेकांत अडकायचे, म्हणून नेहमी जोडीने येणारी अक्षरं लांब टाकली. दांडे अडकायचे हे खरंच आहे. पण मग ई आणि आर शेजारी-शेजारी कसे? इंग्रजीत यांच्याइतक्या वेळा एकत्र येणाऱ्या जोड्या फार थोड्या आहेत. शिवाय दांडे अडकू नयेत ही सोय वेग वाढवण्यासाठी असते, कमी करण्यासाठी नाही. आणि त्या काळी दहा बोटांनी, न बघता टाइप करणारं होतं तरी कोण? जो वेग अजून कोणी पाहिलाच नव्हता, त्याला ब्रेक कशाला लावायचा?

२०११ मध्ये क्योतो विद्यापीठातल्या कोइची आणि मोतोको यासुओका या दोघांनी वेगळंच कारण मांडलं. सुरुवातीची ही यंत्रं तार ऑफिसात वापरून बघितली जात होती. अमेरिकन मोर्समधला झेड हा एस आणि ई लागोपाठ आल्यासारखा ऐकू यायचा, त्यामुळे पुढचं अक्षर येईपर्यंत ऑपरेटरला काय दाबायचं ते ठरवता येत नसे. म्हणून एस हा झेड आणि ई या दोघांच्या जवळ हवा. बघा कीबोर्डवर, आहेच! सगळी मांडणी यातून सुटते असं मला वाटत नाही, पण दांड्यांच्या गोष्टीपेक्षा हे बरंच पटतं. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये होतं तेच झालं: पहिल्या काही युजर्सच्या तक्रारींतून डिझाइन घडलं आणि युजर बदलले तरी डिझाइन तसंच राहिलं.

१८८८ मध्ये सिनसिनाटीला एक स्पर्धा झाली. फ्रँक मॅकगरिन रेमिंग्टनवर, समोर लुई ट्रॉब कॅलिग्राफ नावाच्या, लहान-मोठ्या अक्षरांना वेगळ्या कळा असलेल्या यंत्रावर. मॅकगरिन न बघता टाइप करायचा. तो सहज जिंकला. पण जिंकलं कोण, मांडणी की न बघण्याची सवय? जाहिरातीला मात्र तेवढं पुरलं. १८९३ मध्ये रेमिंग्टन, कॅलिग्राफ वगैरे मोठ्या कंपन्या एका ट्रस्टखाली आल्या आणि विषय संपला.

पुढे ऑगस्ट ड्वोरॅक आले. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हे प्राध्यापक, पेटंट १९३६ चं. सगळे स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत, नेहमीची व्यंजनं उजव्या हाताच्या. इंग्रजी लिहिताना साधारण ७० टक्के ठोके मधल्या ओळीतच पडतात, क्वर्टीत जेमतेम ३२. कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की इंजिनिअर माणूस प्रेमातच पडतो. मीही पडलो होतो. तीन आठवडे नेटाने वापरला आणि सोडला. लिनक्सवर 'एलएस' ही कमांड दिवसातून शंभरदा लागते आणि ड्वोरॅकवर ती दोन्ही अक्षरं एकट्या उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. कॉपी-पेस्टच्या कळा विखुरल्या त्या वेगळ्याच :)

मग ड्वोरॅक खरंच वेगवान आहे का? अमेरिकन नौदलाच्या १९४४ च्या प्रयोगात तो दणदणीत जिंकला. पण ड्वोरॅक स्वतः तेव्हा नौदलात अधिकारी होते, आणि दोन गटांचा सुरुवातीचा वेग वेगवेगळ्या पद्धतीने मोजला होता. १९५६ मध्ये अर्ल स्ट्राँग यांनी सरकारी टायपिस्टांवर प्रयोग केला. दहा जणांना जुना वेग गाठायलाच रोज चार तासांप्रमाणे पंचवीसहून जास्त दिवस लागले, आणि नंतरच्या सरावात क्वर्टीवालेच जास्त सुधारले. स्ट्राँग आधीपासूनच विरोधात होते, असा ड्वोरॅकवाल्यांचा आरोप. अर्थशास्त्रज्ञही यात भांडले: १९८५ मध्ये पॉल डेव्हिड म्हणाले की वाईट वस्तूही एकदा रुजली की हटत नाही, आणि १९९० मध्ये लायबोविट्झ आणि मार्गोलिस म्हणाले की ती वाईट आहे हे आधी सिद्ध तर करा. मी दुसऱ्या बाजूला झुकलोय. २०१८ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने १,६८,००० लोकांचं टायपिंग तपासलं. सरासरी मिनिटाला ५२ शब्द. वेगवान लोक पहिली कळ सोडायच्या आधीच दुसरी दाबतात, वेगाचं मोठं गुपित ते आहे.

पण क्वर्टी रुजल्याची खरी किंमत मला मराठीत दिसते. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा प्रमाण कीबोर्ड ठरवला. ड्वोरॅकसारखेच स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. 'क'च्याच कळेवर शिफ्ट धरला की 'ख'. आणि 'क' मराठीत जिथे, तिथेच बंगालीत आणि तमिळमध्येही. 'मराठी' हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये पाच ठोके, एक शिफ्ट. बराहाच्या रोमन पद्धतीने सात ठोके, तीन शिफ्ट. इथे तर प्रयोग करायचीही गरज नाही, बोटांवर मोजता येतं!

आणि तरी हा सगळा लेख मी रोमनमधूनच बडवलाय. इनस्क्रिप्टचे स्टिकर दोन वर्षांपूर्वी आणले होते, ड्रॉवरमध्ये आहेत.