बोरघाटातला वारा आणि कानातले बोळे
खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाट १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, गाड्यांसाठी खुला झाला. १८६३ मध्ये कर्जतच्या बाजूने रेल्वेही वर चढली. बैलगाडीतल्या प्रवाशाच्या कानांना वाऱ्याचा जाच नव्हता. तो आणला मोटारसायकलच्या वेगाने.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, पण दुचाकींना तिथे बंदी. त्यामुळे पनवेल, चौक, खालापूर, खोपोली हा जुना रस्ताच त्यांचा राहिला. घाटातल्या वळणांवर वेग उतरतो. चौकच्या पुढच्या सपाटीवर मात्र तो सहज चढतो, आणि खरा धोका तिथेच आहे.

ताशी साधारण ६५ किलोमीटरनंतर वाऱ्याचा आवाज इंजिनालाही मागे टाकतो. हेल्मेटच्या खालच्या कडेशी हवा घुसळते आणि ताशी १०० किलोमीटरला आतला आवाज ९५ डेसिबलपलीकडे जाऊ शकतो. हेल्मेट डोके वाचवते, कान नाही. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

आजीने दिलेला कापसाचा बोळा थंडीला ठीक, आवाजाला अपुरा. बर्लिनच्या माक्स नेगवर यांनी १९०७च्या सुमारास मेण आणि कापसाचे बोळे विकायला काढले. फोमचे १९७०च्या दशकात पसरले. फोमचा बोळा बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर ओढायची, बोळा आत सरकवून फुगेपर्यंत दाबून धरायचा. वाऱ्याची घरघर उतरते, मागच्या ट्रकचा हॉर्न तरीही ऐकू येतो.