एका पाठ्यपुस्तकाची मनाई आणि मुक्त संगणकप्रणाली

राजाज्ञेने किंवा धर्मपीठाच्या आज्ञेने ग्रंथ निषिद्ध ठरल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत. व्यापारी कंपनीच्या परवान्याने एका अध्यापकाचे पाठ्यपुस्तक वर्गाबाहेर घालविले, ही हकीकत मात्र फारशी कोणास ठाऊक नाही.

एटी अँड टी ही अमेरिकेतील बलाढ्य टेलिफोन कंपनी. मक्तेदारीच्या खटल्यात १९५६ साली तिला सरकारशी तडजोड करावी लागली आणि दळणवळणाखेरीज अन्य धंद्यात न पडण्याचे बंधन तिजवर आले. पुढे १९६९ मध्ये तिच्याच बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी संगणकाचा सारा कारभार चालविणारी ‘युनिक्स’ ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. ती बाजारात विकण्याची मुभा नव्हती. म्हणून विद्यापीठांना ती नाममात्र मोबदल्यात आणि मूळ संहितेसह मिळू लागली. मूळ संहिता म्हणजे प्रोग्रॅम रचणाऱ्याने लिहिलेला, माणसास वाचता येणारा मजकूर. तो हाती असेल तर प्रणाली समजून घेता येते, तिच्यातील दोष काढता येतात; नसेल तर कंपनी देईल ते निमूटपणे घ्यावे लागते.

सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील अध्यापक जॉन लायन्स यांनी ही संधी ओळखली. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची सुमारे ९,००० ओळींची संहिता त्यांनी एका पुस्तकात छापली आणि दुसऱ्यात तिच्यावर भाष्य लिहिले. १९७६-७७ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या पुस्तकांमुळे प्रत्यक्ष वापरातील एक प्रणाली आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्याचा लाभ विद्यार्थ्यांना झाला.

१९७९ साली सातवी आवृत्ती निघाली, तेव्हा युनिक्सचे मोल कंपनीच्या ध्यानी आले होते. नव्या परवान्याने संहिता वर्गात शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांचे पुस्तक मग छायाप्रतींच्या छायाप्रती होऊन हातोहात फिरू लागले. ते उघडपणे प्रसिद्ध होण्यास १९९६ साल उजाडले. दोनच वर्षांनी लायन्स निवर्तले.

संहिता झाकून ठेवण्याची ही रीत तोवर सर्वत्र रूढ होत चालली होती. तिला विरोध म्हणून अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. त्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सार्वजनिक परवान्याचे सूत्र सोपे होते: संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी, मात्र स्वतःस मिळालेले स्वातंत्र्य पुढच्या माणसासही द्यावे. इकडे ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाउम यांनी, वर्गात शिकविण्यास काही तरी हवे म्हणून, १९८७ मध्ये स्वतःची ‘मिनिक्स’ प्रणाली लिहिली. ती अभ्यासलेल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’चा गाभा प्रसिद्ध केला आणि पुढील वर्षी तो स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणला.

आज अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्स हाच आहे. तथापि कंपन्यांच्या सत्तेने आता दुसरी वाट धरली आहे. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. न्यायालयाने २०२२ मध्ये तो किंचित कमी केला. त्याच वर्षी भारताच्या स्पर्धा आयोगानेही १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आक्षेप असा होता की, अँड्रॉइडची संहिता खुली असली तरी गूगलचे ॲप-दुकान हवे असलेल्या उत्पादकांस तिचीच शोधसेवा व ब्राउझर फोनमध्ये बसवावे लागत, आणि अँड्रॉइडमध्ये स्वतंत्र फेरफार करून फोन विकण्यास त्यांना मज्जाव होता. पूर्वी संहितेस कुलूप होते. आता संहिता मोकळी राहून दुकानाची किल्ली एकाच हाती गेली.

युनिक्स विद्यापीठांत पोहोचली ती १९५६ च्या कायदेशीर बंधनामुळे आणि लिनक्स मुक्त राहिली ती परवान्यातील लिखित हक्कामुळे. कंपनीच्या औदार्यावर विसंबलेली सवलत मात्र १९७९ साली एका नव्या कागदाने संपली. फोन वापरणाऱ्या आणि त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.