विसरलेल्या पैशाचा वारस

जून २०१० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने आपल्या अर्थसंकल्पाबरोबर एक कायदा संमत केला. गिफ्ट कार्डावर सलग दोन वर्षे काही व्यवहार झाला नाही, तर त्यावरची शिल्लक ‘सोडून दिलेली मालमत्ता’ समजावी आणि ती कार्ड काढणाऱ्या कंपनीने राज्याच्या स्वाधीन करावी, असे त्यात म्हटले होते. ट्रॅव्हलर्स चेकसाठी असलेली पंधरा वर्षांची मुदतही याच कायद्याने तीन वर्षांवर आणली. वरवर पाहता हा महसुलाचा मामला आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांचे तिथे काही काम नाही. परंतु ‘सोडून दिलेली’ या शब्दापाशी आम्ही थबकलो. सोडून देणे ही कृती आहे, विसरणे ही कृती नव्हे. मग विसरलेल्या वस्तूला सोडून दिलेली म्हणण्याचा अधिकार कोणाला, आणि तो कोणत्या अटीवर?

आपल्याकडच्या आहेराच्या पाकिटाशी गिफ्ट कार्डाची तुलना केली म्हणजे प्रश्न स्पष्ट होतो. पाकिटातला पैसा देणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याच्या हाती जातो. गिफ्ट कार्डात तो आधी दुकानाच्या गल्ल्यात जातो आणि घेणाऱ्याच्या हाती केवळ एक वचन उरते. कार्ड कपाटात पडून राहिले किंवा हरवले, तर वस्तू जात नाही आणि पैसाही परत मागितला जात नाही. २००९ च्या संघीय कायद्याने अशा कार्डांची मुदत पाच वर्षांच्या आत संपवण्यास मनाई केली. त्यामुळे दुकानाचे देणे कागदोपत्री जिवंत राहू लागले. या जिवंत पण मूक देण्याकडे राज्यांचे लक्ष आधीपासूनच होते.

राज्याचा हा हक्क सरंजामशाहीइतका जुना आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कूळ निपुत्रिक वारले की जमीन वरच्या सरदाराकडे परत जाई, आणि ज्या चीजवस्तूंना धनी नाही त्या राजाच्या होत. तिथे मूळ घटना मृत्यूची होती. विसाव्या शतकात अमेरिकी राज्यांनी हे तत्त्व जिवंत माणसांच्या विस्मृतीला लावले. बँकेतील निद्रिस्त खाती, विम्याचे न मागितलेले पैसे, न उचललेले लाभांश अशी यादी वाढत गेली. मात्र या विस्ताराला एक नैतिक आधार दिला गेला. राज्य मालक होत नाही, ते विश्वस्त होते. खरा धनी केव्हाही आला तरी त्याला त्याचे परत मिळेल. कंपनीच्या खिशात पडून राहण्यापेक्षा पैसा लोकांच्या तिजोरीत राहिलेला बरा, हा युक्तिवाद आम्हांलाही दुबळा वाटत नाही.

परंतु विश्वस्तांचीच संख्या वाढली तेव्हा भांडण सुरू झाले. सन ऑइल या कंपनीकडे सुमारे १,७३० लहान धनकोंचे मिळून २६,४६१ डॉलर पडून होते. त्या रकमेवर टेक्सास, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा या राज्यांनी हक्क सांगितला. १९६५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी’ या निवाड्यात नियम घालून दिला. कंपनीच्या वह्यांत धनकोचा जो शेवटचा पत्ता असेल त्या राज्याला पैसा द्यावा; पत्ताच नसेल तर कंपनीची नोंदणी जिथे झाली त्या राज्याला द्यावा. हा नियम साधा, पण त्याचा लाभ सर्वांत अधिक डेलावेअरला झाला. हे राज्य आकाराने चिमुकले. मात्र अमेरिकेतील असंख्य मोठ्या कंपन्या तिथे नोंदलेल्या आहेत. दावा न झालेली मालमत्ता हा त्याच्या महसुलाचा एक मोठा स्रोत होऊन बसला.

आणि गिफ्ट कार्डावर तर नाव नसते, पत्ताही नसते. न्यू जर्सीतल्या दुकानात न्यू जर्सीतल्या माणसाने घेतलेले कार्ड विसरले गेले, तर १९६५ च्या नियमाने त्याचा पैसा परक्या राज्यात जाणार. म्हणून २०१० च्या कायद्यात दोन तरतुदी घातल्या गेल्या. एक, कार्ड विकताना ग्राहकाचे नाव व पत्ता नोंदवावा, निदान त्याच्या टपाल विभागाचा क्रमांक तरी नोंदवावाच. दुसरी, पत्ता नसेल तर जिथे कार्ड विकले तेच ग्राहकाचे राज्य मानावे.

यातील ‘निदान’ या शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. टपाल विभागाच्या क्रमांकावरून राज्य कळते, माणूस कळत नाही. कार्डावरचे पंचवीस डॉलर कोणत्या तिजोरीत जावेत हे ठरवायला तो क्रमांक पुरेसा आहे. ते पंचवीस डॉलर ज्याचे आहेत त्याचे दार शोधायला तो निरुपयोगी आहे. म्हणजे कायद्याने किमान म्हणून जी माहिती मागितली, ती धन्याच्या शोधासाठी नसून धनाच्या वाटपासाठी होती. विश्वस्ताची भाषा तशीच राहिली, पण विश्वस्ताचे काम तिच्यातून निघून गेले.

हा कायदा न्यायालयात गेला. जानेवारी २०१२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने विक्रीच्या जागेवरून राज्य मानण्याची तरतूद १९६५ च्या नियमाशी विसंगत ठरवून रोखली. माहिती नोंदवण्याची तरतूद मात्र कायम ठेवली. ज्या खटल्याच्या नावात न्यू जर्सी होते, तोच खटला सत्तेचाळीस वर्षांनी न्यू जर्सीच्या आड आला. पुढे काही कंपन्यांनी त्या राज्यातून आपली कार्डे काढून घेण्यास सुरुवात केली आणि जून २०१२ मध्ये मुदत दोनवरून पाच वर्षांवर नेण्यात आली. राज्याराज्यांतला झगडा तिथे थांबला नाही. २०२३ मध्ये डेलावेअर आणि इतर राज्ये मनीऑर्डरसारख्या काही न वटवलेल्या चेकांवरून सर्वोच्च न्यायालयात भांडली, आणि १९७४ च्या एका कायद्याच्या आधारे तो पैसा चेक जिथे विकत घेतले त्या राज्यांना मिळाला. या साऱ्या झगड्यांत वादी होते, प्रतिवादी होते. ज्याचा पैसा तो माणूस तेवढा कुठे नव्हता.

या अमेरिकी इतिहासाचा एक धागा थेट मुंबईच्या गिरणगावात येतो. १९५३ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला. देय झाल्यापासून तीन वर्षांत कामगाराला न दिले गेलेले वेतन व इतर रकमा मालकांनी या निधीत जमा कराव्यात, असे त्यात होते. गावी गेलेला, आजारपणाने परतलेला, काम सोडून दुसरीकडे लागलेला कामगार आपली उरलेली मजुरी मागायला येतोच असे नाही. त्या मजुरीतून कामगारांचेच कल्याण व्हावे, हा हेतू कोणालाही पटण्यासारखा होता. बॉम्बे डाइंग कंपनीने कायद्याला आव्हान दिले. सरकारने ही सोडून दिलेल्या मालमत्तेची व्यवस्था असल्याचा बचाव केला आणि सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतील अशा कायद्यांचा विचार केला. डिसेंबर १९५७ मध्ये निकाल लागला. अशा कायद्याचा पहिला हेतू खऱ्या धन्यासाठी मालमत्ता जपणे हा असतो; धन्याचा दावा न विचारता ती कायमची घेणारा कायदा त्या जातीचा ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि या रकमांपुरती ती तरतूद रद्द केली.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. १९६० मध्ये द्वैभाषिक राज्य विभागले गेले. गुजरातने १९६१ मध्ये त्याच कायद्यात दुरुस्ती केली. न दिलेल्या रकमा सोडून दिलेल्या मानल्या जातील. पण मंडळाने कारखान्याच्या फलकावर आणि वर्तमानपत्रांत सूचना देऊन दावे मागवावेत आणि दावा खरा ठरल्यास पैसे द्यावेत, अशी तजवीज त्यात झाली. ‘गुजरात राज्य विरुद्ध अंबिका मिल्स’ या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना वैध मानली. पैसा तोच, निधीही तोच. मध्ये आला तो केवळ शोध. एका कायद्याला जप्तीचे रूप आले आणि दुसऱ्याला विश्वस्ताचे, ते या एका फरकामुळे.

आमच्या राज्यघटनेच्या २९६ व्या अनुच्छेदात बेवारस मालमत्तेसाठी ‘राजगामी’ हा शब्द येतो. हा शब्द संस्कृतच्या विद्यार्थ्याला ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकातून परिचित असतो. समुद्रव्यापारी धनमित्र नौका बुडून मरण पावतो. तो निपुत्रिक, म्हणून त्याचे धन राजगामी होईल, असे अमात्य लिहून कळवतो. कागद कायदेशीर आहे, त्यावर राजमुद्रा उमटवणे तेवढे बाकी आहे. दुष्यंत तसे करत नाही. एवढ्या धनिकाला अनेक पत्नी असतील, त्यांपैकी कोणी गर्भवती आहे का याचा तपास करा, असे तो सांगतो. एक पत्नी गर्भवती असल्याचे कळते आणि ते धन न जन्मलेल्या मुलाचे ठरते. हा राजा त्या क्षणी स्वतःच्या विस्मृतीच्या पश्चात्तापाने पोळलेला आहे, हे कालिदासाने उगाच योजलेले नाही. विसरण्याची किंमत ज्याला कळली, तोच दुसऱ्याच्या वारसाचा शोध घ्यायला सांगतो.

आज आपल्याकडेही असा पैसा मोठ्या प्रमाणावर गोळा होतो. दहा वर्षे हालचाल नसलेल्या ठेवी २०१४ च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, सात वर्षे न उचललेले लाभांश केंद्राच्या निधीत जातात. दोन्हीकडे धन्याला दावा करता येतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. ही दिशा योग्य आहे. तथापि दावा करण्याची मुभा ठेवणे आणि धन्याला शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संकेतस्थळावर नाव शोधायचे तर आधी आपले काही हरवले आहे हे माहीत असावे लागते. आणि विस्मृतीचा अर्थच असा की ते माहीत नसते. खेड्यातल्या विधवेला पतीच्या शहरातल्या खात्याची वार्ता कोण देणार?

म्हणून राज्याने असा पैसा घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. कंपनीने आपल्या ग्राहकाच्या विसराळूपणावर नफा कमवावा, यापेक्षा तो सार्वजनिक हिताला लागणे केव्हाही श्रेयस्कर. आमचा आग्रह क्रमाचा आहे. आधी तपास, मग तिजोरी. नाव नसलेल्या कार्डाच्या बाबतीत तपास शक्यच नसेल, तर राज्याने त्याला कर म्हणावे आणि कर म्हणून त्याचे समर्थन करावे. ‘सोडून दिलेले’ हा शब्द वापरू नये. ज्याला कोणी विचारलेच नाही, त्याने काही सोडून दिले असे म्हणता येत नाही.