पिस्तुलाचा सेफ्टी खटका बिघडलाय हे कसं ओळखायचं?

बीजीएमआयमध्ये उतरल्या उतरल्या हाताला लागणारं पी१९११ आठवतंय ना? उचललं, बटण दाबलं, गोळी सुटली. गेमवाल्यांनी त्या पिस्तुलाची सेफ्टी गाळून टाकली आहे, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर निम्मे लोक सेफ्टी काढायच्या आतच लॉबीत परत आले असते! पण ज्याच्यावरून ते बनवलंय त्या खऱ्या एम१९११ ला डाव्या बाजूला, अंगठ्याच्या बरोबर खाली, एक छोटा खटका असतो. वर केला की सेफ, खाली केला की फायर. आज या खटक्याबद्दल बोलूया: तो आत नेमकं काय करतो, बिघडतो कसा, आणि बिघडलाय हे कळतं कसं.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातात पिस्तूल कधीच येणार नाही. तरी हा विषय घेतोय, कारण कोणी शूटिंग रेंजवर जातं, कोणी एनसीसीत आहे, कोणाच्या घरी काकांचं लायसन्सचं पिस्तूल कपाटात आहे. आणि बहुतेक सगळ्यांच्या डोक्यात एकच समज पक्का बसलेला असतो: सेफ्टी लावलीये म्हणजे काळजी नाही.

बाहेर दिसतो तो फक्त यूआय

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर खटका म्हणजे स्क्रीनवरचं टॉगल बटण. टॉगल हिरवं झालं म्हणजे मागे सर्व्हरवर सेटिंग बदललंच असं नसतं. खरं काम आत होतं, म्हणून आधी आतली रचना बघू. उदाहरण एम१९११ चंच घेतो, कारण जॉन ब्राउनिंगच्या या डिझाइनची नक्कल जगभर झाली आहे आणि त्याची सेफ्टी समजायला सोपी आहे.

मागे दिसणारा हॅमर खेचून ताणला की तो एका मजबूत स्प्रिंगच्या जोरावर पुढे आदळायला टपलेला असतो. त्याला धरून ठेवतो सिअर नावाचा एक छोटासा पोलादी तुकडा. सिअरचं टोक हॅमरच्या खाचेत अडकलेलं असतं, आणि ही पकड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ट्रिगर दाबला की सिअर किंचित फिरतो, टोक खाचेतून निसटतं, हॅमर फायरिंग पिनवर आदळतो आणि गोळी सुटते. सगळा खेळ त्या सिअरच्या फिरण्यावर आहे.

खटका वर केला की त्याच्या आतल्या बाजूचा एक उंचवटा सिअरच्या मागे जाऊन बसतो. सिअरला फिरायला जागाच उरत नाही. दाराच्या मागे पाचर ठोकल्यासारखं समजा. त्याच वेळी खटक्याचं वरचं टोक स्लाईडच्या खाचेत शिरतं, म्हणजे स्लाईडही लॉक.

गंमत म्हणजे ब्राउनिंगच्या १९१० च्या नमुन्यात हा खटका नव्हताच. मुठीच्या मागे दाबली जाणारी ग्रिप सेफ्टी होती, ती पुरे असं वाटत होतं. अमेरिकन घोडदळाला ते पटलं नाही. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात ताणलेलं पिस्तूल, घोडा बिथरला तर हॅमर हळूच खाली कसा आणायचा? म्हणून अंगठ्याचा खटका बसवला गेला, आणि मार्च १९११ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने पिस्तूल स्वीकारलं. वापरकर्त्याच्या तक्रारीवरून आलेलं फीचर!

आधी खात्री करा की हा बिघाड आहे

सपोर्टला येणारे अर्धे कॉल "बंद पडलंय" असे असतात आणि प्लगच लावलेला नसतो. इथेही तसंच आहे. "खटका वरच जात नाही" ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि पुष्कळदा ती तक्रारच नसते. एम१९११ मध्ये हॅमर खाली असेल तर सिअर अशा स्थितीत असतो की खटक्याच्या उंचवट्याला मागे जायला जागा मिळत नाही. तो अडणारच. तसंच स्लाईड पूर्ण पुढे बसलेली नसेल तर वरची खाच जुळत नाही, तेव्हाही अडतो. अशा वेळी जोर लावून खटका वर ढकलणारे लोक चांगलं पिस्तूल बिघडवतात.

दुसरा घोटाळा दिशेचा. एम१९११ मध्ये वर म्हणजे सेफ. बेरेटा ९२ मध्ये, म्हणजे गेममधल्या पी९२ च्या मूळ पिस्तुलात, खटका स्लाईडवर असतो आणि खाली म्हणजे सेफ. बरोब्बर उलटं! शिवाय बेरेटाचा खटका सिअरला अडवत बसत नाही. तो ताणलेला हॅमर सुरक्षितपणे खाली आणतो आणि फायरिंग पिनच्या मागचा तुकडा असा फिरवतो की हॅमर आदळला तरी धक्का पिनपर्यंत पोचत नाही. म्हणजे बेरेटावर खटका लावल्यावर हॅमर पडला तर ते पिस्तूल आपलं काम करतंय, आणि एम१९११ वर पडला तर ते धोकादायक आहे. ग्लॉकला तर साधारणपणे असा खटकाच नसतो. म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल वाचल्याशिवाय "बिघडलंय" हा शब्द उच्चारू नका. युट्यूबवरचा व्हिडिओ दुसऱ्याच मॉडेलचा असू शकतो.

तपासणी, पण रिकाम्या पिस्तुलावर

क्रम महत्त्वाचा आहे. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाईड मागे खेचून चेंबरमधली गोळी बाहेर काढायची, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, आधी स्लाईड खेचली आणि नंतर मॅगझीन काढलं, तर स्लाईड पुढे जाताना मॅगझीनमधली नवी गोळी चेंबरमध्ये ढकलते. हातात मॅगझीन, मनात "रिकामं झालं" आणि आत एक गोळी. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून मगच पुढे जा.

एक विचित्र गोष्ट लक्षात आली का? एम१९११ मध्ये सेफ्टी लावलेली असताना स्लाईड लॉक असते, म्हणजे चेंबर रिकामं करायला सेफ्टी काढावीच लागते. बेरेटा ९२ सेफ्टी लावूनच रिकामं करता येतं. हा ब्राउनिंगच्या डिझाइनमधला उणेपणा आहे असं माझं मत, १९११ चे भक्त रागावले तरी चालेल.

आता रिकाम्या पिस्तुलाचा हॅमर ताणा, खटका वर करा, मूठ नीट आवळून ट्रिगर जोराने दाबा. हॅमर जागचा हलता कामा नये. ट्रिगर सोडा, बोट बाहेर काढा आणि खटका खाली करा. इथेही हॅमर पडता कामा नये. इथपर्यंत बरेच जण करतात आणि थांबतात. पण खरी परीक्षा पुढची आहे. पिस्तूल कानाजवळ धरा, रिकामं असल्याची पुन्हा एकदा खात्री करून आणि नळी डोक्यापासून लांब ठेवून, आणि हॅमर अंगठ्याने अगदी थोडा मागे ओढा. काहीच ऐकू आलं नाही तर उत्तम. "टिक" असा बारीक आवाज आला तर याचा अर्थ असा, की सेफ्टी लावून ट्रिगर दाबला तेव्हा सिअर थोडासा सरकला होता आणि आत्ता परत जागेवर बसला. अर्ध्या मिलिमीटरच्या पकडीतला काही भाग सेफ्टी "चालू" असतानाच गेला होता. बाहेरून सगळं ठीक, खटका छान वर-खाली होतोय, क्लिकही येतोय, आणि आतली पाचर सैल. मला विचाराल तर हा बिघाड सगळ्यात वाईट, कारण तो एरर मेसेज देत नाही.

मग दोष कुठे असतो?

खटका जड झाला असेल तर बहुतेक वेळा घाण. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या पिस्तुलातलं तेल चिकट होतं, त्यात धूळ बसते, आणि कोकणातल्या दमट हवेत चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवलं असेल तर गंजही येतो. साफसफाई आणि हलकं तेल यावर हा प्रश्न सुटतो. जाड ग्रीस भरू नका.

खटका सैल, ढिला, आपोआप खाली येणारा असेल तर प्लंजर ट्यूब बघायची. डाव्या बाजूला खटक्याच्या पुढे आडवी बसवलेली ही बारीक नळी. तिच्यात एक स्प्रिंग आणि दोन टोकांना दोन छोट्या पिना असतात. मागची पिन खटक्याला वर किंवा खाली टिकवून धरते, पुढची स्लाईड स्टॉपला. खटक्याची ती कुरकुरीत "क्लिक" इथूनच येते. स्प्रिंग थकली किंवा खाच झिजली की क्लिक जाते. नळी फ्रेमवर ठोकून बसवलेली असते, ती सैल झाली तर प्रकरण आणखी वाईट, कारण सरकलेली नळी खटक्याला जाम करू शकते.

डावऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना खटके असलेल्या पिस्तुलात आणखी एक जागा असते. दोन अर्धे भाग आत एकमेकांत अडकवलेले असतात, तो सांधा झिजला की डावीकडचा खटका नीट चालतो आणि उजवीकडचा लटपटतो.

आणि "टिक" आवाजवाला बिघाड? तो बहुतेक झिजेतून किंवा बदललेल्या पार्टमधून येतो. एम१९११ चा खटका मोबाईलच्या बॅक कव्हरसारखा कोणताही आणून बसवता येत नाही. त्याचा उंचवटा त्या विशिष्ट सिअरला जुळेपर्यंत कानशीने थोडा थोडा घासावा लागतो. एक घासा जास्त झाला की पाचर सैल, आणि घासलेलं पोलाद परत येत नाही. इथे अन्‌डू नाही. त्यामुळे कानस हातात घेऊ नका. साफसफाईच्या पुढचं सगळं काम गनस्मिथचं.

गोळी आत आणि खटका जाम

रेंजवर हे झालं तर काय? एम१९११ किंवा आपल्याकडे इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं ९ एमएम १ए यांत सेफ्टी स्लाईडलाही लॉक करते. म्हणजे खटका "सेफ"वर अडकला तर चेंबरमधली गोळी काढायचा नेहमीचा रस्ताच बंद. नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट बाहेर, मॅगझीन काढता येत असेल तर काढा, दुसरा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा. पिस्तूल घेऊन त्याच्याकडे चालत जाऊ नका. खटक्यावर ठोकू नका, त्यावर तेलाची बाटली उपडी करू नका. आर्मरर येईपर्यंत वेळ जाईल, जाऊ द्या.

स्पर्धांमध्ये खटक्यावर भिस्त ठेवतच नाहीत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार गोळीबार चालू नसताना चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालावा लागतो. साधी प्लॅस्टिकची दोरी किंवा पट्टी, पण ती घातली आहे म्हणजे तिथे गोळी असूच शकत नाही, आणि हे दहा फुटांवरून दिसतं. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकली, त्या दर्जाच्या खेळाडूंनाही हाच नियम.

कंपन्यांनाही हे महागात पडलंय. ब्राझीलच्या टॉरस कंपनीवर अमेरिकेत २०१३ मध्ये खटला झाला. आरोप असा की काही मॉडेल्स सेफ्टी लावलेली असतानाही खाली पडल्यावर गोळी झाडतात. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण तडजोडीत नऊ मॉडेल्सची पिस्तुलं परत घ्यायची तयारी दाखवली. म्हणून आपलं मॉडेल आणि सिरीयल नंबर कंपनीच्या रिकॉल यादीत आहे का, हे तपासणं ही ट्रबलशूटिंगचीच एक पायरी आहे, आणि ती तर मोबाईलवर होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायाला स्वतःच्याच रिव्हॉल्वरची गोळी लागली, तेव्हा व्हॉट्सअॅपवर "सेफ्टी का नव्हती लावली?" असे मेसेज फिरत होते. रिव्हॉल्वरला सहसा असा अंगठ्याचा खटका नसतोच, त्याची सुरक्षा वेगळ्या पद्धतीने आत बसवलेली असते. त्यामुळे इथली तपासणी रिव्हॉल्वरला लावू नका.

दुरुस्तीला देताना

आर्म्स अॅक्ट १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीचा धंदा करायलाही लायसन्स लागतं. ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी तो चालणार नाही. पिस्तूल रिकामं करा, काडतुसं सोबत नेऊ नका, आणि चिठ्ठीवर लक्षणं लिहा: खटका कोणत्या स्थितीत अडतो, हॅमर ताणलेला असताना की खाली असताना, क्लिक येते का, "टिक" ऐकू आला का, कोणता पार्ट कधी बदलला. "सेफ्टी खराब" एवढंच लिहिणं म्हणजे "अॅप चालत नाही" असं तिकीट टाकणं. लायसन्सधारक स्वतः जाणार नसेल तर ज्याच्या हाती पिस्तूल पाठवायचं त्याच्याकडे लायसन्सधारकाचं लेखी अधिकारपत्र हवं, कलम ३ मध्ये दुरुस्तीसाठी तेवढी सोय दिलेली आहे. परत आल्यावर घरी नेण्याआधी गनस्मिथच्या टेबलावरच, त्याच्या समोर, ती कान लावून करायची तपासणी पुन्हा करून घ्या.