शिरस्त्राण आणि मान

अमेरिकन फुटबॉल हा धडकाधडकीचा खेळ. नाव फुटबॉल असले तरी चेंडू बहुधा हातातच! डोके वाचावे म्हणून खेळाडू टणक शिरस्त्राण घालतात. १९७०च्या दशकात मात्र मान मोडून हातपाय कायमचे लुळे पडण्याचे प्रकार चिंता वाटावी इतके होऊ लागले. त्यात शाळकरी मुलेच अधिक. दोष शिरस्त्राणाच्या मागच्या कडेला दिला जाई: मान मागे झुकली, की ती कड मणक्यांवर आपटत असावी.

फिलाडेल्फियाचे अस्थिशल्यचिकित्सक जोसेफ टॉर्ग यांनी १९७५ मध्ये देशभरच्या अशा दुखापतींची नोंदवही उघडली आणि १९७१ पासूनची प्रकरणेही तीत घेतली. १९५९ ते १९६३च्या नोंदींशी तुलना करता कवटीतील रक्तस्राव घटलेले, पण मानेच्या दुखापती वाढलेल्या दिसल्या. सामन्यांच्या चित्रफितींनी कारण दाखवले. मान मागे नव्हे, किंचित पुढे झुकलेली होती आणि धडक टाळूवर बसत होती. एरवी मानेचे मणके कमानीत असतात. धक्का स्नायूंत विरतो. मान सुमारे ३० अंश पुढे वाकली, की ते सरळ रेषेत येतात. मग अडलेले डोके आणि मागून रेटणारे धड यांच्यात मान चिरडते. डोके सुरक्षित झाले म्हणूनच खेळाडू डोक्याने मुसंडी मारत होते.

१९७६ मध्ये शालेय व महाविद्यालयीन नियमांनी अशा धडकेवर बंदी घातली. त्या हंगामात हातपाय कायमचे लुळे पडलेले ३४ खेळाडू नोंदले गेले. १९७७ मध्ये १८, आणि १९८४ मध्ये ५.